सात दिवसांची लाट, सात सेकंदांची स्वारी

हिंदी महासागराचा नकाशा घेतला तर अगदी तळाशी, जिथे बहुतेक वेळा सूची किंवा प्रमाणपट्टी छापलेली असते, तिथे क्रोझे नावाची फ्रान्सची बेटं आहेत. त्यांच्याही दक्षिणेला वर्षभर वादळं पश्चिमेकडून पूर्वेकडे धावत असतात. ६० अंश दक्षिणेचं अक्षवृत्त २० हजार किलोमीटर लांब आहे, विषुववृत्ताच्या बरोबर निम्मं, आणि त्या वर्तुळावर कुठेही जमीन नाही. वाऱ्याला अडवणारं कोणी नाही, म्हणून पाण्यालाही थांबवणारं कोणी नाही. त्या भागात उठलेली लाट कर्नाटकातल्या गोकर्णला पोहोचते तेव्हा तिने ७,४०० किलोमीटर कापलेले असतात आणि त्याला साधारण सात दिवस लागलेले असतात. किनाऱ्यावर तिची वाट बघत सर्फिंगच्या फळीवर पालथा पडलेला माणूस नेमक्या क्षणी उठून उभा राहिला, तोल सांभाळला, तर तो तिच्यावर सातेक सेकंद टिकतो.

दिवसाला एक सेकंद. हे प्रमाण मला कळलं तेव्हापासून मी समुद्राकडे पूर्वीसारखं बघू शकलेलो नाही.

मी आणि माझा मित्र रेवसपासून सायकली हाणत, किनारा धरून, गोवा ओलांडून कर्नाटकातल्या मुल्कीपर्यंत गेलो ते अशा लाटांसाठी. गणपती आटोपले होते, पावसाचा जोर ओसरला होता. दक्षिण गोलार्धातला हिवाळा सरत आलेला असला तरी तिकडची वादळं अजून जोरात असतात आणि इकडे आपल्या पावसाळी वाऱ्याने माजलेला समुद्र शांत व्हायला लागलेला असतो. लांबून आलेली लाट स्वच्छ दिसायला हीच वेळ बरी.

सगळा प्रवास हजार किलोमीटरच्या घरात जातो. सायकलच्या चाकाचा घेर २.१ मीटर धरला तर चाक पावणेपाच लाख वेळा फिरतं. पायडल त्याच्या निम्मे, म्हणजे प्रत्येक गुडघा दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास वेळा वाकतो आणि सरळ होतो. सामान आणि फळी लादलेली सायकल कोकणातल्या रस्त्यावर किलोमीटरला ३० किलोकॅलरी खाते असं धरू. हजार किलोमीटरला ३० हजार. एका पोळीत शंभरेक किलोकॅलरी असतात, तेव्हा हे झालं तीनशे पोळ्यांचं इंधन. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे आठ हजार किलोकॅलरी ऊर्जा असते. म्हणजे रेवस ते मुल्की हा सगळा प्रवास, चढ-उतार धरून, चार लिटर पेट्रोलच्याही आत बसतो. मोटारीला याच अंतराला साठेक लिटर लागलं असतं. माणूस आणि सायकल मिळून जे यंत्र होतं त्याच्या काटकसरीचं मला दर चढावर नवल वाटत आलं आहे.

आणि चढ भरपूर आहेत. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट रस्ता ही घाटावरच्या माणसाची समजूत. कोकणात सडा चढायचा, जांभ्याच्या उजाड पठारावरून थोडं पळायचं, की लगेच खाडीपर्यंत सगळी कमाई उधळून खाली यायचं, फेरीबोटीत सायकल चढवायची आणि पलीकडे पुन्हा शून्यापासून सुरुवात. माणूस, सायकल, सामान आणि फळी मिळून ११० किलो वजन शंभर मीटर वर न्यायला शरीराला जवळजवळ एक पोळी लागते. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड: प्रत्येक खाडी म्हणजे वर नेलेल्या पोळ्या पाण्यात.

याच खाड्यांनी आपल्या किनाऱ्याची लांबी बदलली आहे. शाळेत आपण घोकलं की भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर आणि महाराष्ट्राचा ७२०. अलीकडे फेरमोजणी झाली आणि भारताचा आकडा ११,०९८ किलोमीटरवर गेला, महाराष्ट्राचा ८७७ च्या वर. समुद्र वाढला नाही, जमीन वाढली नाही, मोजपट्टी बारीक झाली. १९७० च्या दशकात मोजणी झाली ती १:४५ लाख प्रमाणाच्या नकाशांवरून. त्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे साडेचार किलोमीटर. जयगडची खाडी तिथे रेघेच्या जाडीत गडप होते. नव्या मोजणीचं प्रमाण १:अडीच लाख, एका मिलिमीटरला २५० मीटर. त्याबरोबर खाड्या, भूशिरं, खडकांमधले आत शिरलेले कोनाडे सगळे उजेडात आले. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुईस फ्राय रिचर्डसन यांनी देशांच्या सीमा मोजताना हे आधीच हेरलं होतं. बेन्वा मँडेलब्रो यांनी १९६७ मध्ये ब्रिटनचा किनारा किती लांब, असा साधा प्रश्न विचारून त्यावर लेख लिहिला. पट्टी जितकी लहान, किनारा तितका लांब. दोन मीटर घेराचं चाक लावून, प्रत्येक दगडाला वळसा घालत मोजलं तर आकडा कुठच्या कुठे जाईल.

मुंबई ते पणजी हवेतून सरळ रेघ मारली तर ४०० किलोमीटर. मुंबई-गोवा महामार्गाने पावणेसहाशेच्या पुढे. किनाऱ्याच्या रस्त्याने फेरीबोटी धरूनही मुक्काम गाठायला घाम निघतो, आणि एखाद्या दिवशी दाभोळची फेरी बंद असली तर खेड-चिपळूणचा वळसा पडतो. मी या रस्त्याचा भक्त आहे. महामार्गावर किनारा कळत नाही, फक्त अंतर कळतं.

आमची फळी आठ फूट लांब होती, नवशिक्यांना देतात तशी मऊ फोमची. मित्राने पीव्हीसी पाइपचे दोन आकडे वाकवून सायकलच्या डाव्या बाजूला बसवले होते आणि जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी फळी त्यात आवळली होती. फळीची सायकल एकच आणि ती चालवणारे आळीपाळीने दोघे, कारण तिच्यासोबत दिवसभर एकट्याने झुंजणं कठीण. फळीचं अंग एक चौरस मीटरपेक्षा थोडं मोठं असतं. ताशी २० किलोमीटरचा आडवा वारा तिच्यावर अडीच किलो वजनाएवढा जोर लावतो, वारा ४० चा झाला की तो जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो: दहा किलो. मोकळ्या सड्यावर आणि खाडीच्या पुलावर सायकल रस्त्याच्या मधल्या पट्ट्याकडे ओढली जायची. मागून चालणाऱ्याचं काम एकच, ट्रक आला की ओरडायचं. संध्याकाळी घरगुती राहण्याच्या ठिकाणी अंगणात सायकल उलटी करून, रॉकेलच्या फडक्याने साखळी पुसून तेल सोडायचं, कारण खाऱ्या हवेत एका रात्रीत कड्यांवर तांबूस बुरा चढतो. हा नेम चुकला तर दुसऱ्या दिवशी प्रत्येक चढाला साखळी करकरते.

फळी सुरुवातीला नुसतीच वाहिली. मुरुड, श्रीवर्धन, केळशी, हर्णै, गुहागर. सुंदर किनारे, पण लाट दमलेली. हे का होतं ते समजून घ्यायला पाण्याखाली उतरावं लागतं. खोल समुद्रात लाटेची हालचाल खाली पोहोचते ती तिच्या लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंत. पंधरा सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात ३५० मीटर लांब असते: एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत साडेतीन फुटबॉलची मैदानं, आणि उंची जेमतेम मीटर. जहाजावरच्या माणसाला ती दिसणारही नाही. पण पाणी १७५ मीटरपेक्षा उथळ झालं की तिला तळ लागायला लागतो आणि तिथून पुढे ती तळाशी घासत येते. आता आपला भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्राखालचा उथळ पट्टा, बघा. मुंबईसमोर तो सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, गोव्यासमोर सुमारे १००, आणि दक्षिणेकडे केरळपर्यंत आणखी अरुंद होत जातो. म्हणजे मुंबईकडे निघालेल्या लाटेला किनारा अजून शेकडो किलोमीटर दूर असतानाच तळ घासायला लागतो. तो चढही कसला? दीड किलोमीटरला मीटरभर. तशा चढावर सायकलस्वाराला चढ आहे हे कळणारही नाही. कोकणातल्या रस्त्यावर मीटरभर चढायला पंधरा मीटर पुरतात. पण शेकडो किलोमीटर असं घासत आलेली लाट किनाऱ्याला लागेपर्यंत बरंच काही गमावून बसते. दक्षिणेकडे जावं तसं ते घासणं कमी होतं. मालवण-वेंगुर्ल्यापासून फरक डोळ्यांना दिसू लागला. वेंगुर्ल्यात जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका काकांना मित्राने विचारलं, "वारा तर नाही, मग ही लाट कुठून आली?" त्यांनी मानही वर केली नाही. "ही वाऱ्याची लाट न्हय. लांबसून इली हा."

किती लांबून, ते गोकर्णला मोजता आलं. हा हिशेब मला या सगळ्या विषयातला सर्वांत विलक्षण वाटतो, कारण त्याला घड्याळाशिवाय काहीही लागत नाही.

खोल पाण्यात सगळ्या लाटा एका वेगाने जात नाहीत. दोन लाटांमधला वेळ जितका जास्त, तितकी ती लाट वेगवान. लाटांचा ताफा ताशी किती किलोमीटर जातो ते काढायला सेकंदांना २.८ ने गुणायचं. १७ सेकंदांच्या लाटांचा ताफा ताशी ४८ किलोमीटरने धावतो, १५ चा ४२ ने, १३ चा साडेछत्तीसने. वादळातून सगळ्या एकत्र निघतात, पण वाटेत त्यांची वर्गवारी होत जाते. आधी लांब लाटा पोहोचतात, मग मध्यम, मग आखूड. जितकं अंतर जास्त, तितकी त्यांच्या येण्यात फट जास्त. ओम बीचवरच्या खडकावर बसून मित्र एका टोकदार दगडावरून जाणारे अकरा माथे मोजायचा, लागलेल्या वेळाला दहाने भागायचा आणि आकडा वहीत लिहायचा. सकाळी वारा पडलेला असताना, नाहीतर जवळची खळबळ मध्ये घुसते. समजा, पहिल्या सकाळी १७ सेकंद आले आणि बरोबर दोन दिवसांनी १३. एकच अंतर कापायला एका ताफ्याला दुसऱ्यापेक्षा ४८ तास जास्त लागले. गणित शाळेतल्या दोन आगगाड्यांचं आहे आणि उत्तर येतं ७,४०० किलोमीटर. नकाशावर गोकर्णपासून नैऋत्येला, लक्षद्वीप-मालदीवची रांग डावीकडे ठेवत तेवढं अंतर मोजलं की आपण क्रोझे बेटांच्या दक्षिणेला, ऐन वादळांच्या पट्ट्यात जाऊन पडतो.

ही पद्धत वॉल्टर मंक यांनी वापरली. व्हिएन्नात जन्मलेले आणि कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत आयुष्य घालवलेले हे समुद्रशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवताना लाट किती असेल, याचे अंदाज बांधण्याची रीत त्यांनी हाराल्ड स्वेरड्रुप यांच्याबरोबर तयार केली होती. पुढे मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटाजवळ नोंदलेल्या लाटांचा माग काढत ते आणि त्यांचे सहकारी थेट हिंदी महासागरातल्या वादळांपर्यंत पोहोचले. १९६३ मध्ये त्यांनी न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागरात एका रेषेत सहा ठिकाणी मोजणीची साधनं बसवली. त्यातलं एक ठाणं म्हणजे फ्लिप नावाचं १०८ मीटर लांबीचं जहाज होतं, जे भर समुद्रात स्वतःत पाणी भरून उभं राहायचं. दक्षिणेकडच्या वादळांतल्या लाटा एकेका ठाण्यावरून जात अलास्कापर्यंत पोहोचल्या. दहा हजार किलोमीटरहून अधिक प्रवास, आणि एकदा वादळाच्या परिसरातून बाहेर पडल्यावर लांब लाटांनी वाटेत फारच थोडी ताकद गमावली होती. मंक २०१९ मध्ये गेले, वयाच्या १०१ व्या वर्षी.

इथे एक गोष्ट विसरता कामा नये. एवढ्या लांबून पाणी येत नाही. पाण्याचा थेंब जागच्या जागी लाटेच्या उंचीएवढ्या वर्तुळात फिरतो आणि जवळजवळ तिथेच राहतो. तोच माथाही येत नाही. प्रत्येक माथा ताफ्याच्या दुप्पट वेगाने पळत पुढच्या टोकाला जातो आणि तिथे विरतो. मागच्या टोकाला नवा जन्मतो. क्रोझेहून गोकर्णला जे पोहोचतं ते पाणीही नाही आणि एखादा माथाही नाही. वाऱ्याने दिलेली ऊर्जा तेवढी पोहोचते.

ती किती? मीटरभर उंचीच्या, पंधरा सेकंदांच्या लाटा किनाऱ्याच्या दर मीटरला सात किलोवॉटच्या वर शक्ती आणून ओततात. दिवसभर पायडल मारणारा माणूस १०० वॉट टिकवतो. म्हणजे किनाऱ्याच्या प्रत्येक मीटरवर सत्तरहून अधिक सायकलस्वार अहोरात्र राबताहेत, किलोमीटरभर पुळणीवर सत्तर हजारांवर. हे सगळं वाळूत आदळून आवाज आणि थोड्याशा उष्णतेत संपतं. दर पंधरा सेकंदांना एक, म्हणजे दिवसाला ५,७६० वेळा.

यातल्या माणसाच्या वाट्याला फारच थोड्या येतात. सर्फिंग करणाऱ्यांचा पाण्यातला वेळ मोजून झालेला आहे. निम्म्याच्या आसपास वेळ हाताने वल्हवण्यात जातो, उरलेल्यातला मोठा भाग नुसतं बसून क्षितिजाकडे बघण्यात, आणि लाटेवर उभं राहण्यात एक दशांशही नाही. तासाभरात चार-पाच मिनिटं मिळाली तरी दिवस चांगला. मित्र माझ्यापेक्षा तयार आहे. लाट मागून फुगायला लागली की तो ओरडायचा, "आत्ता! मार, मार!" आणि मी चार हात जोरात मारायचो. फळीची शेपटी उचलली जाते, पोटाखाली पाणी खळखळायला लागतं, आणि मग वल्हवायची गरजच उरत नाही. त्या क्षणी लाटेचा वेग काय असतो? उथळ पाण्यात तो फक्त खोलीवर ठरतो. दीड मीटरची लाट साधारण दोन मीटर पाण्यात फुटते आणि दोन मीटर पाण्यात लाटेचा वेग येतो ताशी १६ किलोमीटर. खोल समुद्रात जिचे माथे ताशी ८४ ने पळत होते ती मंदावत मंदावत शेवटी नेमक्या त्या वेगावर येते ज्या वेगाने सामान लादलेली सायकल सपाट रस्त्यावर चालते. रेवसपासून आम्ही ज्या वेगात होतो, त्याच वेगात लाट आम्हाला भेटत होती. हे मला पाण्यात असताना सुचलं नाही. मरवंतेला, जिथे रस्त्याच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे, तिथे सायकल चालवत असताना एक लाट फुटत शेजारून चालल्यासारखी दिसली आणि मी स्पीडोमीटर बघितला.

मुल्कीला भारतातल्या पहिल्या सर्फिंग क्लबांपैकी एक आहे, २००४ चा मंत्रा सर्फ क्लब, आणि जवळच्या ससिहित्लूच्या किनाऱ्यावर राष्ट्रीय स्पर्धाही झाल्या आहेत. नीर डोसा आणि मंगळुरी बन्स खात तिथल्या पोरांशी बोललं की एक गोष्ट लक्षात येते: ती लाटेच्या उंचीबद्दल कमी बोलतात, सेकंदांबद्दल जास्त. हैदराबादचं इन्कॉइस हे सरकारी केंद्र मच्छीमारांसाठी रोज दोन्ही आकडे देतं. मीटरभराची लाट सहा सेकंदांची असली तर ती जवळच्या वाऱ्याची, चिडचिडी आणि दुबळी. तीच पंधरा सेकंदांची असली तर तिच्यात अडीचपट ताकद, आणि किनाऱ्याशी ती अजून उंचावते. हेच आकडे जिवावरही बेततात. २०२४ मध्ये एप्रिलच्या अखेरीस दक्षिणेकडे उठलेल्या लाटा मेच्या पहिल्या आठवड्यात केरळ आणि तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचल्या. वर आभाळ निरभ्र, वारा नाही, आणि पाणी घरांत. केरळात याला कळ्ळक्कडल म्हणतात. कन्याकुमारीजवळ माणसं बुडाली. इशारा आला की पाण्यात उतरायचं नाही, फळी असो वा नसो.

इशारा नसेल, आकडे बरे असतील, तेव्हा हाच सात दिवसांचा उशीर आपल्या कामी येतो. क्रोझेच्या दक्षिणेला वादळ उठल्याचं हवामानाच्या नकाशावर आज दिसलं आणि तुम्ही रत्नागिरीत असाल, तर गोकर्ण किनाऱ्याच्या रस्त्याने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. रोज साठ किलोमीटर पुरेत. पूर्णगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले, तेरेखोल, पणजी, कारवार, मध्ये जेवायला आणि सावलीत पडायला भरपूर वेळ धरून. सर्वांत वेगवान १७ सेकंदांच्या लाटा कदाचित दिवसभर आधी पोहोचतील, पण १५ च्या लाटांना तुम्ही गाठाल, आणि १३ च्या तर अजून समुद्रातच असतील.